आधी काटा, मग सौदा

ऊस टनावर जातो, कापूस क्विंटलवर, दूध लिटरवर आणि तेही फॅट मोजून. बोकड मात्र आजही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नगावर विकला जातो. व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कमरेजवळ मांस चाचपतो, जनावर जरासं उचलून बघतो आणि आकडा सांगतो. अशी ढिगाने जनावरं त्याच्या हाताखालून रोज जातात, त्यामुळे त्याचा हात हाच त्याचा काटा. तुम्ही वर्षाकाठी तीन-चार बोकड विकता. तुमच्या हाताला ती सवय कुठून येणार? म्हणून शेळीपालक आणि मेंढपाळ बंधू-भगिनींनो, पहिलं सांगणं एवढंच, की वजन केल्याशिवाय जनावर विकू नका.

समजा, बोकड २६ किलोचा आहे आणि जिवंत वजनाचा दर किलोला ३५० रुपये धरला. किंमत होते ९,१०० रुपये. व्यापारी सात हजारांपासून सुरू करतो, तुम्ही साडेनऊ म्हणता, ओढाताण होते आणि आठ हजारांवर सौदा पटतो. तुम्हाला वाटतं, हजार वाढवून घेतले. प्रत्यक्षात अकराशे गेले. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या तालुक्यातला दर घाला आणि गेल्या वर्षी विकलेल्या बोकडांना हा हिशेब लावून बघा.

वजन करायला मोठा खर्च नाही. शंभर किलोपर्यंत वजन घेणारा टांगता डिजिटल काटा साऱ्या वस्तीत मिळून एक असला तरी भागतं. खताच्या रिकाम्या गोणीला चार भोकं पाडायची, बोकडाचे पाय त्यातून खाली काढायचे, गोणीच्या दोन्ही बाजू वर ओढून दोरीने बांधायच्या आणि ती दोरी काट्याच्या हुकात अडकवायची. काटा टांगायला झाडाची आडवी फांदी पुरते. जनावर पाय झाडतं तोवर आकडा नाचत राहतो, ते निवांत झालं की मगच वाचायचा, आणि गोणीचं वजन वजा करायला विसरायचं नाही. काटा नसेल तर शिंप्याकडची टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. जे येईल ते साधारण किलोतलं वजन. घेर २७ इंच आणि लांबी २४ इंच असेल तर साडेसव्वीस किलोच्या आसपास उत्तर येतं. हा अंदाज आहे, किलो-दोन किलो इकडेतिकडे होणारच, आणि अंगावर लोकर असलेल्या मेंढीला टेप घट्ट आवळावी लागते. तरीही नुसत्या नजरेपेक्षा हे कितीतरी बरं.

वजन सकाळी करा, चरायला सोडण्याआधी आणि पाणी पाजण्याआधी. पोटभर चारून काट्यावर चढवलेला बोकड जास्त भरतो खरा, पण व्यापारी दुधखुळा नसतो. मीठ चारून पाणी पाजण्याची युक्ती तर सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. एकदा का त्याने तुमच्या काट्यावर अविश्वास धरला, की तो पुन्हा हातानेच वजन करायला लागणार आणि या वेळी त्याचं चुकलं असं म्हणायला तुम्हाला तोंड राहणार नाही.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. बोकडाच्या जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमीच मटण हाती येतं. २६ किलोच्या बोकडाचा उतारा बारा किलोच्या आसपास. शहरात मटणाचा दर किलोला सातशे-आठशेच्या घरात धरला, तर झाले नऊ हजार, वर मुंडी, पाय, वजडीचे काही शे. खाटकाला त्यातच दुकानाचं भाडं, कामगाराचा पगार आणि न खपलेल्या मटणाची घट सोसायची असते. मधल्या व्यापाऱ्याला गाडीचं डिझेल, वाटेत दगावलेलं जनावर आणि उधारी. प्रवासात जनावराचं वजन घटतं, ते वेगळंच. तेव्हा ‘मधले दलाल हटवा, दुप्पट भाव मिळवा’ असं कुणी स्टेजवरून सांगत असेल तर टाळ्या वाजवा आणि घरी जा. दुप्पट मिळायला तेवढी जागाच नाही. वरच्या हिशेबातले अकराशे मात्र तुमचे आहेत आणि ते मिळवता येतात. वर्षाला चार बोकड विकणाऱ्या घरात ती एका मुलाची वह्या-पुस्तकं, गणवेश आणि वर थोडं काही एवढी रक्कम होते.

२०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाचा दर सहाशेकडे चढला तेव्हा पेठांतून आंदोलन पेटलं होतं, ते आठवत असेल. तांबडा-पांढरा रस्सा हा तिथे जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे बैठका झाल्या, तोडगे निघाले. ग्राहक बोलले, विक्रेते बोलले. ज्याच्या गोठ्यात बोकड वाढला त्याला किलोमागे काय पडतं, हा प्रश्न त्या चर्चेत मला तरी फारसा ऐकू आला नाही. तो विचारायचा म्हटला असता तरी कुणाला विचारणार? २०१९ च्याच पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ६ लाखांच्या आसपास शेळ्या आणि सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. एवढं पशुधन लाखो दावणींना विखुरलेलं आहे. कुठे दोन, कुठे पाच, कुठे दहा. बोलायला बसायचं तर आपल्या बाजूने खुर्चीवर कोण बसणार, हेच ठरलेलं नाही.

म्हणून दुसरं सांगणं एकत्र विकण्याचं. ‘संघटित व्हा’ हे सगळेच सांगतात, पण व्यापाऱ्याच्या जागी उभं राहून त्याचा अर्थ बघू. तो पिकअप घेऊन निघतो. एका वस्तीवर एक बोकड, दुसरीकडे दोन, तिसऱ्या ठिकाणी घरधनी रानात गेलेला. अर्धा दिवस गेला आणि गाडी अर्धीच भरली. तो फेरा तो कुणाच्या भावातून वसूल करणार? तुमच्याच. याच्या जागी वीस घरांनी मिळून निरोप दिला की अमक्या तारखेला सकाळी आठ वाजता आमच्या देवळापुढे पंचवीस बोकड, सगळे २० ते ३० किलोच्या दरम्यान, वजनं लिहून तयार आहेत, तर त्याचा फेरा वाचला. तो वाचलेला पैसा मागायला तुम्हाला तोंड आहे. शिवाय असा निरोप एकाला न देता तिघांना द्यायचा. गाडीभर मालासाठी तिघंही येतात, एका बोकडासाठी एकसुद्धा धड येत नाही.

विश्वासाची बाजारपेठ हवी, असं आपण म्हणतो. ती मिळेल, पण आधी आपला माल विश्वासाचा हवा. तालुक्याच्या गावातल्या खाटकाला जाऊन विचारा, तुझी अडचण काय? तो सांगेल, रविवारची. बुधवार, शुक्रवार कसाही निघतो, पण रविवारी पहाटे हाताशी जनावर पाहिजेच, आणि ते ठरलेल्या बेताचं पाहिजे, फार चरबीचं नको. वीस बायकांच्या गटात प्रत्येकीच्या पाच शेळ्या धरल्या तर शंभर होतात. मरतूक वगैरे धरून वर्षाला सत्तर-पंचाहत्तर विकण्याजोगे नर त्यातून निघायला हरकत नाही. आठवड्याला एक बोकड वर्षभर एकाच खाटकाला द्यायचा म्हटलं तरी वीसेक उरतात आणि ते सणासुदीला एकदम काढता येतात. ही आठवड्याची एक विक्री दिसायला लहान आहे, पण दर ठरवण्याचा आधार तीच. व्यापारी दर पाडायला लागला, की ‘आमचा रविवारचा बोकड अमक्या दराने जातो’ असं सांगता येतं. सिन्नर तालुक्यात शेळीपालक महिलांनी सावित्रीबाईंच्या नावाने स्वतःची उत्पादक कंपनी उभी केली आहे. जमलं तर एकदा तिकडे जाऊन या. मात्र पहिल्याच वर्षी कंपनी काढण्याची घाई करू नका. आधी चार वेळा एकत्र विकून बघा, भांडणं होतील ती होऊ द्या, कुणाचा बोकड आधी जायचा याचा नियम बसवा, मग कागदपत्रं.

आणि ज्या बाईने करडू बाटलीने दूध पाजून जगवलं, तिच्याच खात्यावर पैसे जाऊ द्या. शेळी सांभाळायची बाईने आणि सौदा करायचा पुरुषाने, ही पद्धत नुसती अन्यायाची आहे असं नाही, ती तोट्याचीही आहे. कुठला बोकड दोन महिने थांबवला तर अंग धरेल, हे तिलाच माहीत असतं.

थांबवण्याचं म्हणाल तर सगळ्यात जास्त पैसा तिथेच बुडतो. शेळीला लोक चालतं-फिरतं एटीएम म्हणतात, कौतुकाने. खरी गोम त्यातच आहे. एटीएममधून काढताना नोटेची किंमत कमी होत नाही. अडीनडीला काढलेल्या बोकडाची होते. जूनमध्ये बियाणं, खत आणि शाळेची फी एकदमच येते. सगळं गाव एकाच आठवड्यात दावणीकडे वळतं आणि व्यापाऱ्याला हे पंचांगासारखं पाठ असतं. चार हजारांची नड भागवायला अजून वाढीला लागलेला अठरा किलोचा बोकड जातो. तोच बोकड नीट खुराकावर महिन्याला दीड-दोन किलो वजन धरतो, म्हणजे ३५० च्या दराने पाचशे ते सातशे रुपये. बचत गटाचं चार हजारांचं कर्ज महिना दोन टक्क्यांनी घेतलं तर व्याज पडतं ऐंशी रुपये. खुराकाचा खर्च वजा केला तरी थांबणं परवडतं. शेळीपालन करणाऱ्या गटांनी दर उन्हाळ्यात थोडी रक्कम एवढ्याच कामासाठी राखून ठेवावी आणि मृगाच्या तोंडावर सदस्यांना द्यावी. मला विचाराल तर काट्याच्या खालोखाल महत्त्वाची गोष्ट हीच.

मग विकायचं कधी? आपलं मराठी वर्ष डोळ्यांपुढे आणा. श्रावण सुरू व्हायच्या आधी आखाडात मटणाला उठाव असतो. मग श्रावण, गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र यांत ठिकठिकाणी मागणी कमी-जास्त होत राहते. दसऱ्यानंतर ती सावरते. मार्गशीर्षातले गुरुवार पाळणारी घरं बरीच, पण वर्षाअखेरीस हॉटेलांचा उठाव येतो. धुळवड आणि पुढे चैत्र-वैशाखातल्या जत्रा. ज्या गावची जत्रा मोठी, तिथल्या चार घरांशी महिनाभर आधीच बोलून ठेवलं तर बोकड बाजारात न्यायचीही गरज पडत नाही.

बकरी ईदचा हिशेब वेगळा आहे. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ साली ७ जूनला होती. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं लागतं, गिऱ्हाईक दात बघून खात्री करतं आणि शिंग मोडलेलं, लंगडं, डोळ्याने अधू जनावर चालत नाही. ईद मेअखेरीस येणार असेल तर बोकड आदल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत जन्मलेला हवा. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणजे ती त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात फळलेली हवी. ईदचा माल दीड वर्ष आधी ठरतो, ऐनवेळी मिळत नाही. या एका बाजारात मात्र काट्यावर अडून बसू नका. तिथे देखणेपणाला दर मिळतो. रंग, कान, उंची, डौल यांवर किंमत चढते आणि वजनाने बसणाऱ्या किमतीच्या कितीतरी वर जाते. मुंबईत देवनारच्या बाजाराला थेट माल न्यायच्या भरीस लहान शेळीपालकाने शक्यतो पडू नये. तिथे परराज्यांतून गाड्याच्या गाड्या येतात. मुक्काम, चारा, पाऊस आणि न विकलेला बोकड परत आणण्याचा खर्च सगळा तुमच्याच माथी. त्यापेक्षा जिल्ह्याच्या गावातल्या मोहल्ल्यात दोन-तीन ओळखी करून ठेवा. चांगला बोकड महिनाभर आधी बघून, विसार देऊन, ईदपर्यंत तुमच्याकडेच सांभाळायला ठेवणारी गिऱ्हाइकं भेटतात.

मेंढपाळांची गोष्ट थोडी वेगळी. माण, खटाव, फलटणकडचा मेंढरांचा वाडा दिवाळीनंतर घाटाकडे, कोकणाकडे उतरतो. आज एका शिवारात, परवा दुसऱ्या. शेतात मेंढ्या बसवायचे पैसे किंवा धान्य मिळतं, पण कोकरू विकायची वेळ आली की समोर एकच व्यापारी असतो, आणि बहुधा तोच ज्याच्याकडून आधी उचल घेतली आहे. दख्खनी मेंढीची लोकर तर आता कातरण्याच्या मजुरीलाही महाग झाली आहे, तेव्हा घर चालतं ते कोकरांवर. चालत्या वाड्यात नर कोकरू तीन-चार महिन्यांतच विकून टाकतात. सांभाळायचा त्रास नको, हे कारण समजण्यासारखं आहे. पण सगळी न विकता दहातली तीन-चार, घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे बांधून वाढवता आली तर बघा. सहा-सात महिन्यांच्या मेंढ्याला गिऱ्हाईक वेगळं आणि दरही वेगळा. उचल घ्यायचीच असेल तर दर त्या दिवशीच्या बाजाराचा राहील आणि वजन काट्यावर होईल, हे तेव्हाच ठरवून घ्या. एका वेताला जास्त कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी फलटणच्या निंबकर संस्थेने तयार केली आहे. ती घ्यायची तर आधी जुळ्यांना पुरेल एवढं दूध आणि खुराक आपल्या वाड्यात आहे का, ते पाहा.

थोडक्यात काही कागदाच्या गोष्टी. राज्यात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, तेव्हा बिल्ला मारून घ्या. पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर टोचून तारीख लिहून ठेवा. आंत्रविषाराची पावसाळ्याआधी. लस टोचलेला कळप व्यापारी निर्धास्त नेतो, कारण गाडीत एक जनावर आजारी निघालं तर त्याचे दहा बुडतात. बाजार समितीत विकलं तर पावती मागा आणि कुठली कपात कशापोटी केली ते तिच्यावर लिहून घ्या. पैसे जागेवर किंवा खात्यावर. ‘पुढच्या बाजारी देतो’ म्हणणाऱ्याला पुढच्या बाजारीच बोकड द्या.

काही आमिषांपासून लांब राहा. २०२० च्या डिसेंबरात आटपाडीकडच्या एका माडग्याळ जातीच्या मेंढ्याला सत्तर लाखांची बोली लागल्याची बातमी राज्यभर गाजली. कौतुक करावं असं जनावर होतं, वाद नाही. पण ती हौशी आणि पैदाशीची बाजारपेठ आहे, तिथे शंभरात एकाचं नशीब उघडतं. तशी जनावरं लाखाला घेऊन ‘पिल्लं आम्हीच परत घेऊ’ असं लिहून देणाऱ्या योजना गावोगाव फिरत असतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: शेवटी हे मटण खाणार कोण, आणि कोणत्या भावाने? उत्तरात नुसतीच आणखी पिल्लं विकण्याची गोष्ट असेल तर उठून या. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्या आणि पाच बोकडांच्या प्रकल्पाला निम्मं अनुदान आहे, दहा लाखांपर्यंत. कागदावर छान दिसतं. पण पाच शेळ्या सांभाळणाऱ्या घराने एकदम शंभरावर उडी मारली, की चारा, मजूर, रोगराई सगळंच अंगावर येतं. पाचाच्या दहा करा, दहाच्या पंधरा, आणि पैदाशीचा बोकड दोन वर्षांनी बदला. बोकड चांगल्या जातीचा हवा असेल तर अहिल्यादेवींच्या नावाच्या शेळी-मेंढी महामंडळाच्या महूद, दहिवडी, रांजणी अशा प्रक्षेत्रांवर चौकशी करा. तिथे जनावर वजनावर मिळतं. सरकार विकताना काटा लावतं, मग आपण का लाजावं?

पहिल्या खेपेला काय होईल तेही सांगून ठेवतो. तुम्ही काटा टांगलात की नेहमीचा व्यापारी हसेल. म्हणेल, आम्ही असा माल घेत नाही, आणि गाडी घेऊन निघून जाईल. त्या दिवशी गटातली एखादी म्हणेल, उगाच हा खटाटोप केला. त्या दिवसासाठी दोन तयाऱ्या आधीच हव्यात: ज्यांना पैशांची निकड आहे त्यांच्यासाठी गटाची राखीव रक्कम, आणि तालुक्याच्या ज्या खाटकाशी बोलून ठेवलं आहे त्याचा फोन नंबर. त्याला त्याच दिवशी दोन बोकड वजनावर देऊन टाका, दर वहीत लिहा, घेणाऱ्याची सही घ्या. नेहमीचा व्यापारी पंधरवड्यात पुन्हा विचारायला येतोच, कारण त्यालाही गाडी भरायची असते. तो आला की चहा पाजा, मागचा राग काढू नका आणि वही पुढे करा.